ऑनलाइन पर्यटन व्हिसाची नामंजुरी टाळणे आणि आल्यास हाताळणे : बडोद्यातील अर्जदारांचे नेहमीचे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पर्यटनासाठी किंवा परदेशातील मुलाबाळांकडे काही आठवडे राहण्यासाठी काढल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसापुरती आहेत. शिक्षण, नोकरी आणि कायम वास्तव्याचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत. शुल्क आणि मुदती अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या देशाचे सरकारी संकेतस्थळ एकदा उघडून आकडे पडताळून घ्यावेत.

ऑनलाइन अर्ज केला म्हणजे व्हिसा घरबसल्या मिळतो का?

काही देशांच्या बाबतीत मिळतो. व्हिएतनाम, श्रीलंका यांसारख्या देशांचा अर्ज, शुल्क आणि निर्णय हे सर्व संगणकावरच होते आणि हाती येते ती एक पीडीएफ किंवा ईमेल. तुर्कस्तानचा ई-व्हिसा मात्र भारतीय पासपोर्टधारकांना सरसकट मिळत नाही. त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकाचा) वैध व्हिसा अथवा निवास परवाना हाती असावा लागतो, आणि ही अट न वाचता शुल्क भरणारे पुष्कळ असतात. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका यांचा फॉर्म ऑनलाइन असला तरी बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावेच लागते. बडोदेकरांसाठी त्याचा अर्थ बहुधा अहमदाबादची एक खेप असा होतो. अमेरिकेचे ठसे आणि मुलाखत यांसाठी मात्र मुंबई गाठावी लागते.

अर्ज नामंजूर होण्याचे सर्वांत मोठे कारण कोणते?

कागद कमी पडणे हे कारण लोक समजतात तितके मोठे नाही. फॉर्ममध्ये लिहिलेली गोष्ट आणि जोडलेले कागद यांचा मेळ न बसणे, हे खरे कारण बहुतेक वेळा असते. फॉर्ममध्ये मासिक उत्पन्न ८० हजार रुपये लिहिलेले असते, आयकर विवरणपत्रात वर्षाचे साडेचार लाख दिसतात. रजा दहा दिवसांची मंजूर असते आणि प्रवास अठरा दिवसांचा आखलेला असतो. नोकरीच्या पत्रात पदनाम ‘सुपरवायझर’ आणि फॉर्ममध्ये ‘मॅनेजर’. यांतली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. परंतु निर्णय देणारा अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही, त्याने बडोद्याचे रावपुरा पाहिलेले नसते, आणि अर्जदार परत येईल की नाही हे त्याला समोरच्या कागदांवरूनच ठरवायचे असते. विसंगती दिसली की तो खुलासा मागेलच असे नाही, आणि बहुधा मागत नाही.

म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी घरातील दुसऱ्या माणसाने फॉर्मची छापील प्रत आणि सर्व कागद शेजारी ठेवून प्रत्येक तारीख, रक्कम आणि स्पेलिंग ताडून पाहावे. फॉर्म भरणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत.

नाव भरताना नेमके काय करावे? वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहायचे की नाही?

आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि व्हिसाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी जागा नसते, म्हणून हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. नियम सोपा आहे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या ओळीत जे आणि जसे छापले आहे ते तसेच त्या रकान्यात जाते, आणि ‘सरनेम’ या ओळीतील शब्द आडनावाच्या रकान्यात जातो. गिव्हन नेममध्ये स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतील तर दोन्ही लिहावीत, एकच असेल तर एकच. आधार कार्डावर किंवा बँकेत काय आहे हे येथे गौण आहे. शंका असल्यास पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यंत्रवाच्य ओळी असतात त्या पाहाव्यात.

काही जुन्या पासपोर्टांत आडनावाची ओळ रिकामी असून संपूर्ण नाव एकाच ओळीत असते. ते नाव एकाच शब्दाचे असेल तर संयुक्त अरब अमिरातीचा पर्यटन व्हिसा अडतो, कारण एकेरी नावाच्या पासपोर्टवर असा प्रवेश न देण्याचा नियम तेथे नोव्हेंबर २०२२ पासून आहे. वडिलांचे किंवा घराण्याचे नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असेल तर त्यात सवलत दिली गेली, तरी दुबईच्या सहलीचे पैसे भरण्याआधी पासपोर्टात दुरुस्ती करून घेणे अधिक शहाणपणाचे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि पदवी, बँक किंवा नोकरीचे कागद माहेरच्या नावाचे असे नेहमी घडते. त्यात गैर काही नाही. फॉर्ममध्ये ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना न चुकता भरावा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे.

पासपोर्टवर जन्मस्थान ‘बडोदा’ आहे आणि इतर कागदांवर ‘वडोदरा’. यामुळे अर्ज अडकतो का?

केवळ यामुळे अडकत नाही. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले, त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्यांच्या कागदांत दोन्ही रूपे सापडणे साहजिक आहे. फॉर्ममध्ये पासपोर्टवरील रूप लिहावे आणि सोबतच्या पत्रात (कव्हर लेटरमध्ये) ही दोन्ही नावे एकाच शहराची असल्याचे एका वाक्यात नमूद करावे. जन्मदाखला फक्त गुजरातीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक असते. ब्रिटनसाठीच्या भाषांतरावर ते अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्काचा तपशील हवा.

बँक खात्यात किती रक्कम असावी?

‘पाच लाख ठेवा म्हणजे झाले’ हा सल्ला चौकाचौकांत मिळतो आणि तो अपुरा आहे. रक्कम किती यापेक्षा ती आली कोठून आणि सहलीच्या खर्चाशी तिचे प्रमाण काय, हे पाहिले जाते.

एक नमुना घेऊ. दरमहा ६५ हजार रुपये पगार असलेल्या अर्जदाराच्या खात्यात सहा महिने सरासरी ४० हजार शिल्लक राहते आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम ५ लाख रुपये जमा होतात. स्टेटमेंट वाचणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्याच ओळीवर जाते. ही रक्कम मोडलेल्या मुदत ठेवीची असेल तर ठेव मोडल्याची बँकेची पावती जोडावी, भावाने दिली असेल तर त्याचे पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडावा, दागिने विकून आली असेल तर सराफाचे बिल जोडावे. खुलासा असेल तर तीच ओळ निरुपद्रवी होते. उसने पैसे खात्यात फिरवून आठवड्याने परत करण्याचा जो प्रकार चालतो, तो अनुभवी अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो, आणि मग संशय फक्त रकमेपुरता राहत नाही.

मुदत ठेवी, भविष्य निर्वाह निधी, घराची कागदपत्रे ही पूरक असतात. त्यांवरून स्थैर्य दिसते, पण प्रवासाचा खर्च ज्यातून होणार ती रक्कम सहज काढता येण्याजोगी असावी लागते. चार्टर्ड अकाउंटंटचे मालमत्ता प्रमाणपत्र असंख्य फायलींत असते. माझ्या मते त्याचे वजन लोक समजतात त्याहून बरेच कमी आहे, कारण पाठीमागे आयकर विवरणपत्र नसेल तर ते नुसते विधान ठरते.

माझे स्वतःचे दुकान आहे आणि बराच व्यवहार रोखीने होतो. मी उत्पन्न कसे दाखवू?

जे कागदावर आहे तेच दाखवावे. मागील दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी आणि विवरणे, गुमास्ता धाऱ्याखालील दुकानाची नोंदणी, चालू खात्याचे स्टेटमेंट आणि भाड्याने असल्यास जागेचा करार, एवढ्यातून मांडवीतील कापडाचे दुकान किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखाना परदेशातील वाचणाऱ्याला समजतो. आपण नसताना दुकान कोण पाहणार, हे सोबतच्या पत्रात लिहिलेले असावे. हा मुद्दा बहुतेक जण वगळतात आणि परतण्याच्या कारणांत तोच सर्वांत बोलका असतो. विवरणपत्रात उत्पन्न कमी दाखवलेले असेल तर व्हिसाच्या फॉर्ममध्ये ते वाढवून लिहू नये.

निवृत्तांसाठी पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट आणि पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे पासबुक पुरेसे बोलतात. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातील नोकरदारांनी ना हरकत पत्रासाठी आधीच अर्ज द्यावा, कारण ते पत्र मिळायला लागणारा वेळ व्हिसाच्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो.

सुनेच्या बाळंतपणासाठी जायचे आहे. हे खरे कारण फॉर्ममध्ये लिहावे का?

लिहावे. ‘फक्त फिरायला’ असे लिहून पाच महिन्यांची मुदत मागितली तर ती मुदत आणि कारण एकमेकांना खोटे पाडतात. मुलगा-सून यांना भेटणे आणि नातवंडाच्या जन्माच्या वेळी कुटुंबासोबत असणे हा भेटीचा रास्त हेतू आहे. काळजी एवढीच घ्यायची की आपण तेथे पगारी दाईची किंवा पाळणाघराची जागा भरून काढण्यासाठी, म्हणजे एका परीने काम करण्यासाठी, जात आहोत असा अर्थ निघू नये. मुलाच्या निमंत्रण पत्रात राहण्याचा पत्ता, कालावधी, खर्च कोण करणार आणि त्याच्या तेथील वास्तव्याचा कायदेशीर दर्जा स्पष्ट असावा. नाते सिद्ध करण्यासाठी मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांची नावे असलेले त्याच्या पासपोर्टचे पान जोडावे.

मुक्काम खरोखर लांबचा असेल तर देशागणिक योग्य मार्ग शोधावा. ब्रिटनच्या साध्या भेटीच्या व्हिसावर एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहता येते. कॅनडात आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे आरोग्य विमासंरक्षण आणि मुलाच्या उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते.

पती-पत्नी दोघेही एकदम निघणार असाल तर मागे काय राहते हे दाखवणे अधिक महत्त्वाचे असते: घर, पेन्शन, दुसरे अपत्य, वृद्ध आई-वडील, चालू असलेले उपचार.

अर्जाआधी विमानाचे तिकीट काढावे का?

पैसे भरून, परत न मिळणारे तिकीट काढू नये. शेंगेनसाठी आरक्षण दाखवावे लागते, तिकीटच असावे अशी सक्ती नसते. मात्र ते आरक्षण विमान कंपनीच्या संगणकावर तपासता येण्याजोगे खरे असावे. दोन-तीनशे रुपयांत बनावट क्रमांक छापून देणारे ‘डमी तिकीट’ म्हणजे खोटा दस्तऐवज होय, आणि त्याचे परिणाम पुढे दिले आहेत.

युरोपात चार देश पाहायचे आहेत. अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्याच्याकडे. दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. ‘अमुक देश लवकर देतो’ म्हणून तेथे दोन खोटे हॉटेल दाखवायचे आणि सर्व दिवस दुसरीकडे घालवायचे, ही युक्ती अर्जाच्या वेळी पकडली गेली तर नकार येतो आणि नंतर सीमेवर लक्षात आली तर दिलेला व्हिसाही रद्द होऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निर्णयाचा नेहमीचा काळ १५ दिवसांचा असून तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी गणपतीत जागे होणे उशिराचे ठरते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. विमा किमान ३० हजार युरोचा आणि सर्व दिवसांचा असावा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. अमेरिकेचा दोन बाय दोन इंचांचा असतो, तेव्हा स्टुडिओत देशाचे नाव सांगूनच फोटो काढावा.

एजंटाकडून फॉर्म भरून घ्यावा का?

घेण्यास हरकत नाही, परंतु फॉर्मवरील जबाबदारी कायद्याने अर्जदाराचीच राहते. त्याने काय भरले हे न वाचता संमती देऊ नये. अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा ईमेल आणि फोन स्वतःचा असावा, कारण जादा कागद मागणारे पत्र त्याच पत्त्यावर येते आणि एजंटाच्या भरगच्च मेलबॉक्समध्ये ते मुदत संपेपर्यंत पडून राहू शकते. ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ देणाऱ्यापासून दूर राहावे. अशी हमी देण्याचा अधिकार कोणाही मध्यस्थाला नाही.

ई-व्हिसाच्या बाबतीत तर सरकारी स्थळासारखी दिसणारी खासगी स्थळे हाच मोठा धोका आहे. शोधयंत्रात पहिल्या दोन-तीन ओळी जाहिरातींच्या असतात. व्हिएतनामचे एका प्रवेशाचे सरकारी शुल्क २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचे ५० डॉलर आहे. समोरचे स्थळ त्याच्या तिप्पट मागत असेल तर आपण मध्यस्थाकडे आहोत हे ओळखावे.

पूर्वी एकदा व्हिसा नाकारला गेला होता. तो उल्लेख टाळला तर चालेल का?

चालणार नाही. या संपूर्ण पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या फॉर्ममध्ये कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असा थेट प्रश्न असतो. हे तीन देश, अमेरिका आणि न्यूझीलंड यांच्यात स्थलांतरविषयक माहितीची देवाणघेवाण चालते, आणि शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा प्रणालीत अर्जाची नोंद पाच वर्षे राहते.

जुना नकार सांगितल्याने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. लपवल्याने मात्र साध्या नकाराचे रूपांतर फसवणुकीत होते. खोटी माहिती किंवा बनावट कागद सिद्ध झाल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, कॅनडा पाच वर्षे आणि ऑस्ट्रेलिया सामान्यतः तीन वर्षे दार बंद करतो, तर अमेरिकेत ही अपात्रता कायमची ठरू शकते. दहा वर्षांपूर्वीचे पत्र सापडत नसेल तर देश, साधारण वर्ष आणि आठवणारे कारण लिहून पत्र उपलब्ध नसल्याचे सांगावे.

नकारपत्र आले. आता सर्वप्रथम काय करावे?

त्याच रात्री नवा अर्ज करू नये. पत्रातील प्रत्येक वाक्य वेगळे काढावे आणि त्यासमोर, आपण दिलेल्या कोणत्या कागदामुळे किंवा कागदाच्या अभावामुळे ते लिहिले गेले असेल, हे मांडावे. शेंगेनचे पत्र म्हणजे ठरावीक कारणांपुढे खूण केलेला छापील नमुना असतो: प्रवासाचा हेतू पटला नाही, साधने अपुरी, माहिती विश्वासार्ह नाही, परत जाण्याबद्दल शंका. त्यातून फारसे कळत नाही. ब्रिटनचे पत्र तपशीलवार असते, कधी कधी थेट खात्यातील रकमेवर बोट ठेवते. कॅनडाने जुलै २०२५ च्या अखेरीपासून भेटीच्या व्हिसाच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याचे टिपण देण्यास सुरुवात केली आहे. नमुन्यातील वाक्यापेक्षा त्या टिपणातील दोन ओळी अधिक उपयोगी पडतात.

अपील करावे की नवा अर्ज?

देशावर अवलंबून आहे. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाला सामान्यतः अपील नाही, नवा अर्ज हाच व्यवहार्य मार्ग आहे. कॅनडातही अपील नसून तेथील संघीय न्यायालयात ६० दिवसांच्या आत न्यायिक फेरतपासणी मागता येते, परंतु वकिलाचा खर्च पाहता चार आठवड्यांच्या भेटीसाठी तो मार्ग क्वचितच परवडतो.

शेंगेन नियमांनुसार अपिलाचा हक्क आहे आणि ते नकार देणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालते. फ्रान्ससाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. जर्मनीने वकिलातीकडे फेरविचार मागण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद केली, त्यामुळे आता नवा अर्ज किंवा थेट न्यायालय एवढेच उरले. अधिकाऱ्याने फायलीत असलेला कागद पाहिलाच नाही, अशी स्पष्ट चूक असेल तर अपिलात अर्थ आहे. कागदच नव्हता, तर नवा अर्ज लवकर निकाली निघतो.

ऑस्ट्रेलियाची एक तरतूद आपल्याकडे फारशी माहीत नाही. अर्जदार भारतात असला आणि तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या आई-वडील, पती-पत्नी, अपत्य वा भावंडाला भेटायला जाणार असल्याचे अर्जात त्यांच्या तपशिलासह नमूद केले असेल, तर तो नातेवाईक तेथील प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. मुदत नकारपत्रात दिलेली असते.

अमेरिकेच्या मुलाखतीत २१४ (बी) किंवा २२१ (जी) असा कागद मिळाला. दोन्ही एकच का?

नाही. ही तेथील स्थलांतर कायद्याची दोन वेगळी कलमे आहेत. २१४ (बी) म्हणजे परतण्याइतके बंध भारतात आहेत असे अधिकाऱ्याला पटले नाही. याला अपील नाही, ठरावीक थांबण्याचा काळही नाही. १८५ डॉलरचे मूळ शुल्क पुन्हा भरून केव्हाही अर्ज करता येतो, पण परिस्थितीत किंवा मांडणीत काही बदललेले नसेल तर उत्तरही बदलत नाही. २२१ (जी) म्हणजे प्रकरण अपूर्ण किंवा अधिक तपासाधीन आहे. कागद मागितले असतील तर ते एका वर्षाच्या आत दिल्यास नवे शुल्क पडत नाही. मुंबईच्या खिडकीवर मुलाखत फार थोडा वेळ चालते, तेव्हा जाड फायलीपेक्षा डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा फॉर्ममध्ये काय भरले होते ते लक्षात असणे जास्त कामास येते.

शुल्क परत मिळते का?

नाही. व्हिसा शुल्क अर्ज तपासण्याचे असते, मंजुरीचे नव्हे. शेंगेनचे ९० युरोही तसेच जातात. प्रवास विम्याचा हप्ता मात्र पॉलिसी सुरू होण्यापूर्वी नकारपत्र दाखवल्यास काही रक्कम कापून अनेक कंपन्या परत करतात, आणि परतावा मिळेल अशा अटीवर केलेली हॉटेलची आरक्षणे त्याच दिवशी रद्द करावीत.

पुन्हा अर्ज करताना काय वेगळे असावे?

सोबतचे पत्र. पहिल्याच परिच्छेदात मागील नकाराची तारीख आणि कारण लिहून त्या प्रत्येक कारणाला कोणता नवा कागद उत्तर देतो हे सांगावे. पत्र एक-दीड पानांचे असावे. भावनिक आवाहन, घराण्याची थोरवी आणि अधिकाऱ्याच्या निर्णयावरील नाराजी त्यात नसावी. पहिल्या अर्जातील एखादी माहिती चुकीची होती असे आढळले तर ती गुपचूप बदलू नये, कारण दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले जातात. चूक कशी झाली ते लिहून दुरुस्त माहिती द्यावी. नवीन कागद अपलोड करताना स्कॅन वाचता येण्याजोगे असावे. कॅनडाच्या स्थळावर एका फाइलची मर्यादा ४ एमबी आणि ऑस्ट्रेलियाच्या स्थळावर ५ एमबी असल्याने लोक प्रतिमा इतकी दाबतात की बँकेच्या स्टेटमेंटवरील आकडे पुसट होतात. त्याऐवजी रंग काढून कृष्णधवल स्कॅन करावे.

व्हिसा मंजूर झाला, पण त्यात चूक दिसते. तसाच प्रवास करावा का?

करू नये. ई-व्हिसावरील पासपोर्ट क्रमांकातील एक अंक किंवा जन्मतारीख चुकली असेल तर विमान कंपनी अहमदाबाद किंवा मुंबईच्या काउंटरवरच प्रवाशाला थांबवू शकते. दुरुस्तीची सोय त्या स्थळावर नसल्यास नवा अर्ज आणि नवे शुल्क हाच मार्ग असतो, म्हणून पीडीएफ आल्याबरोबर नाव, क्रमांक, तारखा, प्रवेशांची संख्या आणि व्हिएतनामसारख्या देशासाठी प्रवेशाचा विमानतळ तपासावा. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसातील चूक वकिलातीची असेल तर ती लगेच लेखी कळवावी. मधल्या काळात पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल आणि वैध व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल, तर अमेरिकेसह अनेक देशांसाठी दोन्ही पासपोर्ट सोबत नेता येतात. ई-व्हिसा मात्र पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असल्याने बहुधा नव्याने काढावा लागतो.